इंग्रजी धावते, मराठी चालते

‘रन’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला, तर ‘धावणे’ असे उत्तर तुम्ही तत्काळ द्याल. घोडा, हरिण किंवा शर्यतीतला मुलगा यांच्यापुरते ते बरोबरही आहे. परंतु तेवढ्याच बळावर इंग्रजी पुस्तक वाचावयास बसलात, तर थोड्याच वेळात घड्याळे धावू लागतील, रस्ते धावू लागतील आणि सर्दी झालेल्या माणसाचे नाकदेखील धावू लागेल!

घड्याळ, यंत्र, दुकान यांच्याविषयी बोलताना इंग्रज मनुष्य ‘रन’ म्हणतो. आपण ‘चालणे’ म्हणतो. वेग निराळा, पण कल्पना एकच : काम न थांबता पुढे जात आहे. नदी आणि नाक यांना मराठीत ‘वाहणे’ लागते. रस्ता नदीकाठाने ‘जातो’. धुताना कापडाचा रंगही ‘जातो’. निवडणुकीची तर मौजच आहे. अमेरिकेतील उमेदवार ‘रन’ करतो, म्हणजे धावतो; इंग्लंडमधील उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

या क्रियापदाच्या मागे एखादा लहानसा शब्द आला, की अर्थ पार पालटतो. समजा, दवाखान्यातून निरोप आला : ‘द मेडिसिन इज रनिंग आउट.’ ‘रनिंग’ म्हणजे चालू, असे समजून कोणी ‘औषध चालू आहे’ असा अर्थ लावला, तर तो निश्चिंत होऊन स्वस्थ बसेल. वस्तुतः औषध संपत आले आहे आणि ते लगोलग धाडावयास हवे! क्रिकेटमधील ‘रन आउट’ तुम्हांला ठाऊक आहे. शब्द तेच, परंतु तेथे फलंदाज धावबाद होतो. म्हणून सुटा शब्द न पाहता त्याचे सोबती पाहावेत आणि मगच अर्थ ठरवावा.

ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदासाठी नऊ महिने खर्ची घातले. त्याचे ६४५ अर्थ त्यांनी वेगळे केले, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. एवढे अर्थ आले कोठून? यंत्रे आली, आगगाड्या आल्या. प्रत्येकासाठी नवे क्रियापद न घडवता लोकांनी जुन्यालाच कामाला जुंपले. लहान, रोजच्या वापरातील शब्दांच्या वाट्याला हे कष्ट अधिक येतात. मोठे, भारदस्त शब्द बहुधा एकच काम करून आरामात बसतात.

आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाचीही हीच स्थिती आहे. तहान लागते, ठेच लागते, दिवा लागतो, झाडाला आंबे लागतात, वाटेत गाव लागते आणि कोणाचे बोलणे मनाला लागते. मराठी शिकू इच्छिणाऱ्या इंग्रज मुलाने तुम्हांला या सहांचे अर्थ विचारले, तर प्रत्येक ठिकाणी ‘लागणे’ हा शब्द टाळून तुम्ही त्याला ते कसे सांगाल? वहीत लिहून पाहा.