दार कोण वाजवतंय?

कॅडेट, इयत्ता दहावी

दिवाळीच्या सुट्टीत मी चंदीगडला घरी गेलो होतो. बाबांचे पोस्टिंग सध्या लडाखमध्ये आहे. आई, आजी आणि धाकटी बहीण चंदीगडला राहतात. दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी लॅपटॉपसमोर बसून बाबांशी बोलायचे, हा आमच्या घरचा नियम. पण या वेळी बाबांचा आवाज तुटत होता. मध्येच खरखर व्हायची आणि शब्दाचा अर्धा भाग गळून जायचा. "जेवलात का?" एवढे विचारले तरी उत्तर दोनदा ऐकावे लागे. पाच मिनिटांत आई म्हणायची, "राहू दे, नेटवर्क नाही. पुढच्या रविवारी बोलू."

आई लडाखच्या नेटवर्कला दोष देत होती. आजी म्हणत होती, "माझेच कान गेले आता." दुकानदाराने लॅपटॉप चालू करूनही न बघता सांगितले, "छह साल पुराना है, नया ले लो." मला व्हायरसचा संशय होता. चौघांनी चार गुन्हेगार ठरवले होते, पण मोजून कोणीच काही पाहिले नव्हते.

मी इंटरनेट बंद केले आणि लॅपटॉपमध्येच साठवलेले एक जुने गाणे लावले. तेही तसेच खरखरले! म्हणजे दोष लडाखचा नव्हता आणि आजीच्या कानांचाही नव्हता. आजीला हे सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, "मग दुरुस्त कर की!"

इंटरप्ट म्हणजे काय?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसरचा किती वेळ कोण खाते, ते त्यात दिसते. आमच्या लॅपटॉपमध्ये एकही प्रोग्राम चालू नसताना 'सिस्टिम इंटरप्ट्स' या ओळीसमोर २२ टक्के दिसत होते. निरोगी संगणकात हा आकडा बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. मी ती ओळ निवडून बंद करायला गेलो, तर बंद होईना. कारण तो प्रोग्रामच नाही. यंत्राच्या भागांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांना ओ देण्यात किती वेळ गेला, त्याचा तो हिशेब आहे.

आपल्या हॉस्टेलचे उदाहरण घ्या. संध्याकाळच्या प्रेपमध्ये आपण गणित सोडवत असतो. ड्युटी कॅडेट दार वाजवतो आणि सांगतो, "हाउस मास्टरांनी बोलावले आहे." आपण वहीत खूण करतो, जाऊन काम करून येतो आणि खुणेपासून पुढे गणित सुरू करतो. संगणकातही असेच होते. कीबोर्डचे बटण दाबले, माउस हलवला, नेटवर्कवरून माहिती आली, की तो तो भाग प्रोसेसरचे दार वाजवतो. ही हाक म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसर हातातल्या कामाची जागा लक्षात ठेवतो आणि त्या भागाच्या ड्रायव्हरला बोलावतो. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम. त्याचे काम झाले की प्रोसेसर मूळ कामाकडे परततो.

ही सोय नसती तर प्रोसेसरला सारखे उठून 'दारात कोणी आहे का?' असे बघत बसावे लागले असते. अमेरिकेत १९५४ साली लष्कराच्या सिग्नल कोअरसाठी बांधलेला डायसिॲक हा संगणक या सोयीच्या पहिल्या यंत्रांपैकी एक मानला जातो. तो ट्रकने ओढायच्या ट्रेलरमध्ये बसवलेला होता.

हाकांचे वादळ

आता समजा, ड्युटी कॅडेट दार वाजवतो, आपण उठून जातो, पण बाहेर काहीच काम नसते. परत येऊन बसतो तोच पुन्हा ठकठक! प्रेपचा तास संपतो आणि आपण एकसारखे धावपळ करत असूनही एक गणित सुटलेले नसते.

संगणकात असे दोन कारणांनी होते. एक म्हणजे यंत्राचा भागच बिघडतो आणि विनाकारण हाका मारतो. दुसरे म्हणजे ड्रायव्हर चुकतो. हाकेला ओ दिल्यावर त्या भागाला 'तुझे ऐकले, आता हात खाली घे' असे सांगणे ड्रायव्हरचे काम असते. ते तो विसरला तर हात वरच राहतो आणि प्रोसेसरला तीच हाक पुन्हा नवी वाटते. लिनक्समध्ये यासाठी एक पहारा आहे. एकाच ओळीवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाकांना कोणताच ड्रायव्हर 'ही माझी' म्हणाला नाही, तर लिनक्स ती ओळच बंद करतो आणि 'नोबडी केअर्ड' असा संदेश नोंदवतो.

आवाजच आधी का तुटतो? स्पीकरला आवाजाचे तुकडे ठरलेल्या वेळी मिळावे लागतात. विंडोजमध्ये ते साधारण दर १० मिलिसेकंदांनी पुरवले जातात. तेवढ्यात प्रोसेसर दाराशी अडकला तर तुकडा उशिरा पोचतो आणि खरखर ऐकू येते. पत्र एक सेकंद उशिरा उघडले तर कळत नाही, पण शब्दातली फट कानाला लगेच कळते.

२२ टक्के म्हणजे काही फार नाही, असे मला आधी वाटले होते. पण आमचा प्रोसेसर कामे चार रांगांत वाटतो. चारपैकी एका रांगेचा पूर्ण वेळ म्हणजे २५ टक्के. म्हणजे एक अख्खी रांग जवळजवळ दार उघडण्यातच गुंतली होती.

चंद्रावर उतरताना

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ असे धोक्याचे इशारे दिले. त्या वेळी गरज नसलेला एक रडार संगणकाकडे सेकंदाला सुमारे १२,८०० ठोके पाठवत होता. ही रीत इंटरप्टपेक्षा थोडी वेगळी होती, पण प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरचे ११.७ मायक्रोसेकंद जात. गुणाकार करून पाहा, सेकंदातला सुमारे ०.१५ भाग, म्हणजे १५ टक्के वेळ फुकट! सुदैवाने त्या संगणकाला कामांचा क्रम शिकवलेला होता. त्याने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, उतरण्याचे काम चालू ठेवले आणि दोन अंतराळवीर सुखरूप उतरले.

शोध कसा घ्यावा?

१. आधी संगणक रिस्टार्ट करा. सगळे प्रोग्राम बंद करून पाच मिनिटांनी इंटरप्टचा आकडा वहीत लिहा.

२. बाहेरून जोडलेली यूएसबी उपकरणे एकेक करून काढा. प्रत्येक वेळी आकडा लिहा.

३. फरक पडला नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क, ब्लूटूथ, कॅमेरा, कार्ड रीडर असे भाग एकेक करून 'डिसेबल' करा, आकडा बघा आणि पुन्हा चालू करा. प्रोसेसर, डिस्क, कीबोर्ड आणि 'सिस्टिम डिव्हाइसेस' यांना हात लावू नका.

४. लेटन्सीमॉन नावाच्या प्रोग्रामने कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतो ते दिसते. लिनक्समध्ये 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'इंटरप्ट्स' या फाईलमध्ये प्रत्येक भागाच्या हाकांची मोजणी असते.

५. दोषी भाग सापडला की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा नवा ड्रायव्हर घाला. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत आणा. तरीही आकडा उतरला नाही तर तो भागच बिघडला असण्याची शक्यता जास्त. मग तो बंद ठेवा किंवा दुरुस्त करून घ्या.

माझी चूकही सांगतो. घाईत मी तीन भाग एकदम बंद केले. आकडा झटकन खाली आला आणि मी ओरडलो, "सापडला!" बहिणीने विचारले, "कोण?" मला सांगता येईना. पुन्हा सगळे चालू करून एकेक बंद करत गेलो. तेव्हा मेमरी कार्ड रीडर बंद केल्यावर २२ टक्क्यांचे अर्ध्या टक्क्याहून कमी झाले. त्यात घरात कोणी दोन वर्षांत कार्ड घातले नव्हते! मी त्याचा नवा ड्रायव्हर घातला आणि रीडर परत चालू केला. आकडा वर गेला नाही. म्हणजे भाग चांगला होता, ड्रायव्हर चुकत होता.

पुढच्या रविवारी बाबा बोलले आणि आजी खुर्ची सरकवून मागे बसली. एरवी ती स्क्रीनला कान लावून बसायची. बाबांनी विचारले, "नवा लॅपटॉप घेतला का?" मी सांगितले, "नाही बाबा, जुनाच आहे. दार कोण वाजवतंय ते शोधलं." त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटे बोललो. आजीच्या गुडघ्यांचा विषय बऱ्याच महिन्यांनी पूर्ण झाला.

मित्रांनो, आपल्या लॅबमधला एखादा संगणक रेंगाळला तर लगेच 'जुना झाला' म्हणू नका. आधी तो आकडा बघा, वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.