शेजाऱ्यांकडे विकेट आधी कशी पडते?

प्रश्न : आम्ही क्रिकेटचा सामना अ‍ॅपवरून टीव्हीवर लावतो. आमच्याकडे गोलंदाज अजून धावत येत असतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून 'आऊट!' असा गलका होतो. शेजाऱ्यांकडे साधी डिश आहे, आमच्याकडे चांगला महागातला इंटरनेट प्लॅन. मग असं का? आणि 'लाइव्ह' नेमकं कुणाचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काटेकोर अर्थाने दोघांचंही नाही. शेजारी मैदानापेक्षा काही सेकंद मागे आहेत आणि तुम्ही बहुधा त्यांच्याही वीस-तीस सेकंद मागे.

बहुतेकांचा पहिला संशय उपग्रहावर जातो. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, म्हणजे जाऊन-येऊन ७२,००० किलोमीटर. पण लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, त्यामुळे या फेरीला जेमतेम पाव सेकंद लागतो. गंमत म्हणजे स्टेडियममध्ये खेळपट्टीपासून ८५ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकालाही बॅटचा आवाज साधारण तेवढाच उशिरा ऐकू येतो! तेव्हा उपग्रहाला दोष देण्यात अर्थ नाही.

खरा उशीर सुरू होतो चित्र आवळताना. एचडी चित्र आहे तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट लागतील. म्हणून यंत्र एक चित्र पूर्ण साठवतं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच टिपतं. गोलंदाज हलला, पण मागचा साइटस्क्रीन तसाच आहे, मग तो पुन्हा कशाला पाठवायचा? मात्र काय बदलणार हे कळायला यंत्राला पुढची काही चित्रं हातात यावी लागतात, म्हणजेच थांबावं लागतं. शेजाऱ्यांचा सेट-टॉप बॉक्स हे सगळं पुन्हा उलगडतो, त्यातही थोडा वेळ जातो. त्यांचे ते काही सेकंद इथे खर्च होतात.

तुमच्या वाटेत याशिवाय आणखी एक मुक्काम आहे. डिशचं प्रक्षेपण एकदाच होतं. ज्याच्याकडे छत्री आहे त्याने ते झेलायचं. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी प्रत पोचवावी लागते. त्यासाठी सामन्याचे छोटे-छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत तयार करतात. तुमचं नेट मंदावलं की अ‍ॅप हलकी आवृत्ती उचलतं; खेळाडूंचे चेहरे मध्येच धूसर होतात ते त्यामुळे. अ‍ॅपल कंपनीने २००९ मध्ये आणलेली अशीच एक पद्धत आज सर्रास वापरली जाते. तिच्यात तुकडा साधारण सहा सेकंदांचा असतो आणि अ‍ॅप सहसा तीन तुकडे गाठीशी ठेवून चालतं. झाले अठरा सेकंद! नळाचं पाणी कधी जाईल याचा नेम नसतो म्हणून आपण गच्चीवरची टाकी भरून ठेवतो, तसाच हा साठा. तो नसता तर नेटच्या प्रत्येक उचकीला पडद्यावर चक्र फिरत बसलं असतं.

आता तुमच्या महागड्या प्लॅनबद्दल. वेग वाढला की तुकडा लवकर उतरतो हे खरं, पण जो तुकडा अजून तयारच झालेला नाही तो कितीही वेगाने कसा उतरेल? चित्र स्वच्छ दिसेल आणि अडखळणार नाही. त्यापलीकडे प्लॅनकडून फार अपेक्षा नको. पुण्याच्या मावसभावाचा 'गेला रे!' हा व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या टीव्हीच्या आधी पोचतो, कारण त्या दोन शब्दांचे ना तुकडे पाडायचे असतात, ना साठा करायचा असतो.

तुकडे आणखी बारीक करून ही पिछाडी थोड्या सेकंदांवर आणता येते आणि तशा पद्धती निघाल्याही आहेत. पण साठा घटला की चित्र अडकण्याचा धोका वाढतो. लाखो लोक एकदम सामना बघत असताना चित्र गोठण्यापेक्षा थोडं उशिरा दिसलेलं परवडलं, असा हिशेब कंपन्या करतात, आणि तो मला तरी चुकीचा वाटत नाही.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. मध्ये फोन आला म्हणून तुम्ही सामना थांबवलात किंवा नेट अडखळलं, तर ती पिछाडी मूळच्या उशिरात जमा होत जाते. पडद्याखालच्या पट्टीवरचं 'लाइव्ह' बटण दाबा, म्हणजे तेवढी तरी भरून निघेल. उरलेली डिश घेतल्याशिवाय जाणार नाही. शेवटच्या षटकापुरते शेजाऱ्यांकडे जाऊन बसलात, तर तोही खर्च वाचेल.