राउटर आणि अर्धविराम

श्रुतलेखनाच्या तासाला एक गमतीचा प्रसंग बहुधा दरवर्षी घडतो. शिक्षक उतारा सांगतात, “पाऊस थांबला पूर्णविराम,” आणि एखादा नवखा विद्यार्थी वाक्यापुढे टिंब देण्याऐवजी ‘पूर्णविराम’ हा शब्दच अक्षरांत लिहून ठेवतो. वर्ग हसतो. परंतु त्या मुलाची चूक आम्हांस केवळ हसण्यासारखी वाटत नाही. कानी पडलेल्या शब्दांपैकी कोणते उतरून घ्यावयाचे आणि कोणते पाळावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मजकूर आणि आज्ञा ही दोन्ही एकाच तोंडून, एकाच आवाजात येतात. आपण ती सवयीने वेगळी करतो. यंत्राला अशी सवय नसते. मजकूर म्हणून आलेली गोष्ट ते आज्ञा समजून पाळू लागले, तर काय अनर्थ होतो, हे आपल्या घरातील राउटरच्या उदाहरणाने पाहू.

राउटर म्हणजे बाहेरून आलेले इंटरनेट आणि घरातील मोबाइल, संगणक इत्यादी साधने यांच्यामध्ये बसलेला द्वारपाल होय. प्रत्येक संदेश ज्याचा त्याला पोहोचविणे हे त्याचे काम. वरून तो साधी पेटी दिसला, तरी आतून तो एक लहानसा संगणकच असतो, आणि त्यावर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. त्याची व्यवस्था लावण्यासाठी एक पान असते. त्या पानावर पुष्कळदा तपासणीची एक चौकट आढळते. तीत दूरच्या एखाद्या संगणकाचा पत्ता लिहिला, की राउटर ‘पिंग’ नावाच्या कार्यक्रमाकडून त्याला हाक घालून पाहतो आणि उत्तर आले की नाही ते सांगतो.

आता आत काय घडते ते पाहा. कार्यक्रम लिहिणाराने घाई केली असेल, तर तो ‘पिंग’ ह्या शब्दापुढे चौकटीतील मजकूर जसाच्या तसा जोडतो आणि तयार झालेली ओळ ‘शेल’च्या हाती देतो. शेल हा संगणकातील दुभाषी. ओळ वाचावी आणि तीत सांगितलेले काम करवून घ्यावे, एवढेच तो जाणतो. शेलच्या व्याकरणात अर्धविरामाचा अर्थ असा की, एक आज्ञा संपली, दुसरी सुरू झाली. तेव्हा एखाद्या दुष्टाने चौकटीत पत्ता लिहिला, पुढे अर्धविराम दिला आणि त्यापुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर शेल दोन्ही कामे निमूटपणे करतो. शिवाय अशा पेट्यांत हे पान चालविणाऱ्या कार्यक्रमाला अनेकदा सर्वाधिकार दिलेले असतात. त्यामुळे त्या दुसऱ्या आज्ञेलाही तेच अधिकार मिळतात. ह्या दोषास ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात. आपण त्यास ‘आज्ञेची घुसखोरी’ म्हणू.

हा केवळ तर्क नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयर्लंडमधील घरोघरी दिलेल्या एका मोडेममध्ये असाच दोष उघडकीस आला. मोडेमने आपले घड्याळ कोणत्या संगणकाकडून लावून घ्यावे, त्या संगणकाचे नाव नोंदविण्याची एक जागा होती. तेथे नावाऐवजी आज्ञा लिहिली असता मोडेम ती पाळी. ही जागा घरापुरतीच खुली असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती ७५४७ क्रमांकाच्या द्वाराने साऱ्या जगाला खुली होती.

त्याच वर्षी ‘मिराई’ नावाचा एक घातक कार्यक्रम पसरला होता. कारखान्यातून आलेले पासवर्ड ज्यांनी बदलले नाहीत, त्यांची साधने तो काबीज करीत असे. त्याच्या एका नव्या आवृत्तीने घड्याळाच्या ह्या जागेचा उपयोग करून घेतला. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीतील डॉइश टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची इंटरनेट, दूरध्वनी व दूरचित्रवाणी सेवा विस्कळीत झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथील राउटरांत ही आज्ञा शिरू शकली नाही. बाहेरून दारावर सतत पडणाऱ्या थापांनीच ते कोलमडले. एकाच्या घरातील दोषाचा उपद्रव निर्दोष शेजाऱ्यालाही कसा होतो, त्याचे हे उदाहरण होय. पुढे जुलै २०१७ मध्ये कोलोन येथील न्यायालयाने ह्या प्रकरणी एका ब्रिटिश तरुणास दोषी ठरविले.

राउटर परक्याच्या ताब्यात गेला, तर तो आपणांस खऱ्या पेढीऐवजी खोट्या पेढीच्या पानावर नेऊ शकतो, अथवा आपल्या नकळत इतरांवरील हल्ल्यांत सामील होतो. आणि घरातील दिवे तर नेहमीप्रमाणेच लुकलुकत राहतात!

ह्यावर उपाय काय? अर्धविरामास तेवढी बंदी करावी, असे प्रथम सुचते. पण ते पुरेसे नाही, कारण शेलच्या व्याकरणात आज्ञा जोडणारी इतरही चिन्हे आहेत. वाईट तेवढे वगळण्यापेक्षा योग्य तेवढेच स्वीकारावे, हा खरा मार्ग. चौकट अंकांनी लिहावयाच्या पत्त्यासाठी असेल, तर अंक आणि टिंब यांवाचून दुसरे काही आत येऊ देऊ नये. त्याहून उत्तम म्हणजे ओळ शेलकडे न देता कार्यक्रमाचे नाव आणि पत्ता ही दोन्ही निरनिराळी सोपवावीत. मग पत्त्यात अर्धविराम असला, तरी त्यापुढील मजकूर दुसरी आज्ञा ठरत नाही. अनुभवी शिक्षक विरामचिन्ह सांगताना हाताने खूण करतात, त्यातील मर्म हेच.

हे काम कार्यक्रम लिहिणाराचे झाले. आपल्या हातीही थोडे आहे. राउटरचा कारखान्यातील पासवर्ड बदलावा. निर्माता दोष दुरुस्त करून नवे फर्मवेअर देतो, ते बसवून घ्यावे. बाहेरून व्यवस्था लावण्याची सोय नको असल्यास बंद ठेवावी. ज्या राउटरला नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, तो चालत असला तरी बदलावा. आणि व्यवस्थेचे पान घरातूनच उघडते म्हणून निश्चिंत राहू नये. घरातील संगणकावर उघडलेले एखादे फसवे पानही राउटरला संदेश धाडू शकते.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत घरातील राउटर वडीलधाऱ्यांच्या संमतीने उलटा करून पाहा. खालच्या चिठ्ठीवर त्याची जात व क्रमांक लिहिलेला असतो. त्यास शेवटची दुरुस्ती केव्हा मिळाली, एवढे जरी तुम्ही शोधून काढलेत, तरी घरच्यांच्या उपयोगी पडाल. आणि तुमच्यापैकी जे पुढे संगणकाचे कार्यक्रम लिहितील, त्यांनी ‘पूर्णविराम’ अक्षरांत लिहिणाऱ्या त्या मुलाची आठवण ठेवावी. दुसऱ्याने लिहिलेले काही हाती आले, की ते उतरून घ्यावयाचे की पाळावयाचे, हे आधी ठरवावे.