लाल बत्ती लागली, तर पैसे कोणाचे?

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी वस्तीत गच्च्या-खिडक्यांना लोखंडी जाळ्या दिसतात. चोरांपेक्षा माकडांचीच धास्ती जास्त. माणसं जाळीच्या आत, इंटरनेटची तार मात्र बाहेर. गंगेकाठच्या फायबरच्या तारा माकडं खातात, नव्या टाकल्या तर दोन महिनेही टिकत नाहीत, अशी बातमी २०१५ साली रॉयटर्सने दिली होती. एवढ्या दाट गल्ल्यांत तार जमिनीखालून न्यायची तरी कुठून?

म्हणून नेट गेलं की पाकिटाला हात लावण्याआधी इंटरनेटच्या डब्यावरच्या, म्हणजे राउटरवरच्या, बत्त्या बघा. बिघाड भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे त्यांवरून बरंचसं कळतं, आणि खर्च कोणाचा हेही.

पॉवरची बत्तीच नसेल तर प्लग बदलून पाहा, मग अडॅप्टर. बाजारात तो साधारण २०० ते ३५० रुपयांना मिळतो. जुन्यावर छापलेले व्होल्ट (बहुधा १२) तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. डबा कंपनीचा असेल तर अडॅप्टरही आधी तिच्याकडेच मागा.

‘पीओएन’ लिहिलेली बत्ती हिरवी स्थिर असेल तर डब्याची आणि कंपनीच्या एक्स्चेंजची ओळख पटली आहे. ती लुकलुकत राहिली तर डबा दार ठोठावतोय, आत घेत नाहीत. ‘एलओएस’ लिहिलेली बत्ती लाल म्हणजे काचेच्या तंतूतून उजेडच येत नाही किंवा फारच क्षीण येतोय. आधी कपाटामागे तार घडी पडल्यासारखी वाकली आहे का ते बघा, हिरवं टोक खट् वाजेपर्यंत आत दाबा. तारेच्या टोकात डोळा लावू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण असतो. एवढं करूनही लाल, तर बिघाड बहुतेक बाहेर, आणि दुरुस्ती सहसा कंपनीच्या खर्चाने.

मावशीकडे असंच झालं. लाइनमन गच्चीवरून तारेचा तुकडा घेऊन उतरला: काळ्या आवरणावर दातांच्या खुणा, मधून केसाएवढा तंतू बाहेर आलेला. “माताजी, तार के पाँच सौ.” मावशी म्हणाली, “शिकायत नंबर पर लिख दो, फिर ले जाओ.” त्याने विषय बदलला. हिशेब करा: ३९९ रुपयांचा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ४७०.८२, म्हणजे दिवसाला सोळा रुपयांच्या आत. हे पाचशे महिन्याच्या बिलाहूनही जास्त!

जोडणी झाल्यावर लाइनमनच्या मीटरवर उजेडाचा आकडा किती, ते विचाराच. उणे वीसच्या आसपास उत्तम. उणे सत्तावीसच्या पुढे बहुतेक डबे हात टेकतात. उणे सव्वीसवर तो ‘चल रहा है’ म्हणाला, तर जोड पुन्हा करून घ्या.

पीओएन हिरवी, पण इंटरनेटची बत्ती विझलेली किंवा लाल? रिचार्ज संपला असेल किंवा लॉगिन अडकलं असेल. एका फोनचं काम. त्यासाठी घरी येणाऱ्याला पैसे देऊ नका.

अडॅप्टर सोडला, तर स्वतःच्या पैशाने दोनच गोष्टी घ्याव्यात. वीज सारखी जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस, साधारण १,२०० ते २,००० रुपये. आणि गच्चीवरच्या दहा-वीस फूट तारेला पीव्हीसी पाइप, काहीशे रुपये. या शहरात मी पाइप आधी घेईन.

तक्रारीत ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘एलओएस लाल, पीओएन बंद’ म्हणा, बत्त्यांचा फोटो ठेवा, तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे; सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फीही पडत नाही.