गोधडीचा काठ

मुलांनो, थंडीच्या रात्री तुम्ही काय पांघरता? रजई, ब्लँकेट की गोधडी? महाराष्ट्रात काही भागांत गोधडीला वाकळ म्हणतात. उर्दूतला ‘गुदडी’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. गरीब घरात जन्मलेल्या गुणी मुलाला ‘गुदडी का लाल’ म्हणतात ना? तीच ही गुदडी!

आईची विरलेली साडी, आजीचे लुगडे, आपाची ओढणी, अब्बांचा जुना सदरा, असे घरातले कपडे गोधडीत एकत्र येतात. कापडाचे थर एकावर एक पसरतात. ते सरकू नयेत म्हणून आधी लांब, कच्चे टाके घालतात. मग सुईने बारीक धावदोरा घालत जातात. हे काम अनेक दिवस चालते.

आता सांगा, गोधडी आधी कोठे फाटते? मधे नाही, काठाला! झोपेत आपण काठच ओढतो. धुताना आणि वाळत घालतानाही काठच धरतो. म्हणून काठाला मजबूत कापड हवे. साडीचा काठ दाट विणलेला असतो. साडी विरली तरी तिचा काठ बहुधा शाबूत राहतो. हुशार बायका तो कापून गोधडीसाठी जपून ठेवतात. काठाचे कापड नवे असेल तर ते आधी धुऊन घ्यावे. नाहीतर पुढे ते आटते किंवा त्याचा रंग इतर कापडांना लागतो.

नक्षी कशी निवडावी? मधला भाग रंगीबेरंगी असेल तर काठ एकरंगी शोभतो. मधला भाग साधा असेल तर काठाला त्रिकोण किंवा चौकोन जोडावेत. पण येथे गणित लागते. समजा, मधला भाग 150 सेंमी रुंद आणि 210 सेंमी लांब आहे. त्रिकोणाचा पाया 20 सेंमी घेतला तर प्रत्येक बाजूला शेवटी अर्धाच त्रिकोण बसेल. पाया 15 सेंमी घेतला तर रुंदीला बरोबर 10 आणि लांबीला 14 त्रिकोण बसतील. ज्या संख्येने दोन्ही बाजूंना पूर्ण भाग जातो, ते माप निवडावे. चारही कोपऱ्यांत एकेक चौकोन लावला की काठ पूर्ण झाला.

काठाचा असाच मान शेजारच्या कर्नाटकातही आहे. तेथील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. या समाजात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती लोक आहेत. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. सिद्दी स्त्रिया एका कोपऱ्यापासून शिवू लागतात आणि काठाकाठाने फिरत मध्यभागी येतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते.

मित्रांनो, आज घरातल्या गोधडीच्या काठावरून बोट फिरवा. एका वितीत किती टाके आहेत, ते मोजा. शिवणाऱ्या हातांचे कष्ट तुम्हांला कळतील. एखादा कोपरा उसवला असेल, तर नानीकडून सुई-दोरा मागून घ्या आणि आजच चार टाके घाला. काठ सांभाळला तर गोधडी टिकते.

स्वाध्याय
1. गोधडी काठाला आधी का फाटते?
2. कवंदी कोठून शिवायला सुरुवात करतात?
3. मधला भाग 120 सेंमी रुंद आणि 180 सेंमी लांब असेल, तर त्रिकोणाचा पाया किती घ्याल? वहीत काठाचे चित्र काढा.