बडबडी ताई, अबोल दादा

विद्यार्थी मित्रांनो, जाफराबादला तुमच्या धाकट्या भावंडांसाठी चित्रांचे पुस्तक आणाल, तेव्हा ते आधी स्वतः पाहा. गोष्टीत दोन भावंडे असली, तर बहुधा एक धावते, ओरडते, झाडावर चढते. दुसरे खिडकीत गप्प बसलेले असते. शेवटच्या पानावर तेही खेळायला बाहेर येते आणि सगळे खूश होतात. धावणाऱ्याला मात्र कोणी खिडकीत बसायला शिकवत नाही!

चारचौघांत रमणाऱ्याला बहिर्मुख आणि आपल्या विचारांत रमणाऱ्याला अंतर्मुख म्हणतात. मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या 1921 च्या ग्रंथामुळे ही कल्पना जगभर पोचली. अंतर्मुख म्हणजे भित्रा नव्हे.

जुन्या गोष्टींत उलटे दिसते. नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ (1869) या उर्दू कादंबरीतील अकबरी आणि असगरी या बहिणी तुम्हांला ठाऊक असतील. थोरली अकबरी तोंडाळ, म्हणून वाईट. धाकटी असगरी शांत, म्हणून गुणी, असे आपण पटकन म्हणतो. पण अकबरी दागिने गमावते ती परक्या बाईवर भोळा विश्वास ठेवून. आणि असगरी तर घरी मुलींना शिकवते. न बोलता शिकवता येईल का?

आता आपल्या मराठवाड्यातली चार भावंडे पाहा. आपेगावचे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. चालत्या भिंतीवर बसलेल्या या चौघांचे चित्र मुलांच्या पुस्तकांत नेहमी असते. समोरून योगी चांगदेव वाघावर बसून येतात. त्याआधीची कथा अशी सांगतात. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना चांगदेवांना मायना सुचेना. ते वयाने लहान, ज्ञानाने मोठे! शेवटी चांगदेवांनी कोराच कागद धाडला. सर्वांत धाकटी मुक्ताई तो पाहून ताडकन म्हणाली, की एवढे जगून चांगदेव कोरेच राहिले. थोरल्या निवृत्तींनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितले. ज्ञानदेवांनी 65 ओव्या लिहिल्या. हीच ‘चांगदेव पासष्टी’. मुक्ताईला कोणी गप्प केले नाही, निवृत्तींना कोणी जास्त बोलायला लावले नाही.

पण एकदा लोकांच्या वागण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून आत बसले. ते गप्प बसणे निराळे होते. मुक्ताईने ते ओळखले आणि बाहेरून विनवणी करून त्यांना दार उघडायला लावले.

तुमच्या घरातही एखादे बोलके आणि एखादे अबोल भावंड असेल. दोघांचे एक चित्र काढा. अबोल भावंडाला खिडकीतून काय दिसते, ते आधी त्यालाच विचारा आणि चित्रात दाखवा.