काचेच्या चिपेतून जाणारा किरण

आमच्या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झालेल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत एक आकृती हमखास आढळते. मध्ये आयत, त्याच्या एका बाजूवर तिरपा पडणारा किरण, आत थोडा वळलेला आणि पलीकडून पुन्हा पूर्वीच्याच दिशेने निघालेला. आकृती रेखीव असते; आपतन कोन ४५ अंश, निर्गत कोनही नेमका ४५ अंश. हा नेमकेपणाच आम्हांला खटकतो. टाचण्या लावून काढलेल्या आकृतीत एखाद्या अंशाचा फरक सहसा राहतो, आणि तो वहीत नसेल तर आकृती टाचण्यांवरून नव्हे, पुस्तकावरून उतरली असावी अशी शंका येते.

प्रयोग साधाच आहे. कागदावर काचेची चीप ठेवून तिची कड पेन्सिलीने आखावी. एका बाजूस तिरप्या रेषेवर दोन टाचण्या, निदान पाच सेंटिमीटर अंतराने, उभ्या रोवाव्यात. मग पलीकडून एक डोळा मिटून काचेतून पाहावे व त्या दोन टाचण्यांच्या प्रतिमांच्या ओळीत आणखी दोन टाचण्या रोवाव्यात. पाहायचे ते टाचण्यांच्या डोक्यांकडे नव्हे, पायांकडे. टाचणी किंचित कलली तरी डोके फसवते.

किरण वळतो याचे कारण वेग. हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, काचेत सुमारे २ लाख. म्हणून काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५. आपल्या भागातले उदाहरण घेऊ. डांबरी रस्त्यावरून बैलगाडी तिरपी नांगरटीत शिरली, तर आधी शिरलेले चाक मंदावते आणि गाडी त्याच बाजूला वळते. नांगरटीचा पट्टा ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर चढताना तेच चाक आधी मोकळे होते व गाडी तेवढीच उलट वळते. पट्ट्याच्या दोन्ही कडा समांतर असतील तरच हे घडते. काचेच्या चिपेतही तसेच आहे: आतील दोन कोन व्युत्क्रम म्हणून समान, त्यामुळे निर्गत किरण आपाती किरणाला समांतर. लोलकाच्या बाजू समांतर नसतात, म्हणून तेथे किरणाची दिशाच बदलते.

दिशा तीच राहिली तरी किरण जागेवरून सरकतो. पाच सेंटिमीटर रुंद चिपेत ३० अंशांच्या आपतनाला तो सुमारे १ सेंटिमीटर सरकतो, ४५ अंशांना १.६ आणि ६० अंशांना २.६. विद्यार्थ्यांनी हे अंतर स्वतः मोजावे, असा आमचा आग्रह असतो. ते पाठ करून लिहिता येत नाही.

पालकांसाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. त्यामुळे नितळ विहिरीचा किंवा पैनगंगेच्या डोहाचा तळ सरळ वरून पाहिला, तर खऱ्या खोलीच्या पाऊणपटच भासतो: बारा फूट पाणी नऊ फूट दिसते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ. पोहता न येणारे मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत काठावरून तळ पाहूनच उतरण्याचे धाडस करते. त्याला हे घरीच दाखवता येईल. वाटीत नाणे ठेवून, कडेआड ते दिसेनासे होईपर्यंत मुलाला मागे सरकवावे आणि नाणे हलू न देता वाटीत हळूहळू पाणी ओतावे. नाणे जागचे हलत नाही, पण मुलाला ते पुन्हा दिसू लागते.